बेडूक, शेवटचा किल्ला आणि माझी चाळणी

त्या दिवसापासून आमच्या घरात मला चाळणीला हात लावू देत नाहीत. (मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये चाळणीवरच नोकरीला आहे. तरीही.)

चूक माझी होती, मान्य. पण आधी मला माझ्या धाकट्या भावाला शिव्या घालू द्या! आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला विरंगुळा म्हणून प्रकाशनं नागपूरहून एक यंत्र आणलं. लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो ते सगळे व्हिडिओ गेम त्या तळहाताएवढ्या डबीत भरलेले. तेव्हा आई रागानं वायर उपटून टाकायची. आता तीच आई गॅसवर भात करपेपर्यंत एका बेडकाला उड्या मारायला लावू लागली! बेडकानं एकेक किल्ला पार करायचा आणि शेवटच्या किल्ल्यात कोंडलेल्याला सोडवायचं. कोंडलंय कोणाला, ते मात्र शेवटीच कळतं. लहानपणी आमच्यातलं कोणी तिथवर पोचलं नव्हतं. आई धानाच्या रोवणीच्या दिवसांत बेडूक घेऊन निघाली आणि धान कापणीला आला तेव्हा त्या शेवटच्या किल्ल्याच्या दारात उभी होती.

तेवढ्यात दिवाळीला प्रकाश आला आणि त्यानं आपल्या महागड्या लॅपटॉपवरून आणखी गेम भरून दिले. त्या लॅपटॉपला काय खोड आहे देव जाणे, प्रत्येक गेमसोबत तो एकेक निकामी फाइल गुपचूप ठेवून देतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती दिसत नाही, पण आईच्या यंत्रावर दिसते. त्यामुळे प्रत्येक गेम दोनदा दिसू लागला. एक दाबला की सुरू होतो, दुसरा दाबला की नुसता काळा पडदा. आई नेमका दुसराच दाबायची आणि माझ्यावर भडकायची, कारण प्रकाश नागपूरला आणि मी हाताशी!

मी तणतणत त्याला फोन लावला. तो निवांत म्हणाला, "काही नाही दादा, नावाच्या आधी टिंब आन् आडवी रेघ असन, तेवढ्याच फाइली उडव."

माझं डोकंच फिरलं. घाण यानं करायची आणि काढायची मी? वर शिकवणार हाच? "मले कचरा काढणं शिकवू नोको," म्हणालो आणि फोन कापला.

दुसऱ्या दिवशी यंत्रातलं कार्ड खिशात घालून मिलमध्ये नेलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलं, लपलेल्या फाइली दाखव म्हटलं, आणि जे दिसलं त्यानं माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा कचरा तर आमच्या मिलमागेही नसतो! आता, ज्याचा जन्म चाळणीवर गेला तो काय टिंबं आणि रेघा वाचत बसणार? आमचा एकच कायदा: मोठा दाणा वर, कनकी म्हणजे फुटका तांदूळ आणि कोंडा खाली. मी फाइली आकारानं लावल्या. मोठे गेम वर गेले, चिमुकल्या फाइली खाली साचल्या. खालच्या सगळ्या एका दमात उडवल्या. (मालक मागून जात होते, त्यांनाही मी अभिमानानं दाखवलं.)

संध्याकाळी यंत्र आईच्या हातात दिलं. यादी लख्ख, प्रत्येक गेम एकदाच. आई इतकी खूश झाली की बायकोला म्हणाली, याच्या चहात जरा आलं टाक. मग तिनं बटण दाबलं. बेडूक पहिल्या किल्ल्यासमोर उभा होता.

"माहा किल्ला कुठं गेला?" आई म्हणाली.

पुन्हा प्रकाशला फोन. आई कुठवर पोचली हे जपून ठेवणारी एक फाइल असते, ती अगदी लहान असते आणि गेली ती गेली, असं त्यानं सांगितलं. आधी काहून नाही सांगितलं, असं मी ओरडलो. तो म्हणाला, "सांगतच होतो. तू फोन कापला."

चहा आलाच नाही. मी प्रकाशवर चिडलो, लॅपटॉपवर चिडलो, त्या बेडकावरही चिडलो, आणि शेवटी आईवरच खेकसलो, "एवढीशी तं फाइल होती. मले वाटलं कचरा हाय."

आईनं यंत्र बाजूला ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू सातव्या महिन्यात झाला," ती म्हणाली. "मुठीत मावे एवढा. सारे म्हणत, हे पोरगं काही जगत नाही. मी का चाळून फेकलं तुले?"

किल्ला तू घालवला, तूच आणून दे, असा आईनं हुकूम काढला. तेव्हापासून मिलमधून आलो की मी बेडूक घेऊन बसतो. आई शेजारी पाय लांब करून बसते आणि कुठं उडी मारायची ते सांगते. मी पहिल्याच खड्ड्यात पडतो. पुन्हा पडतो. मग ती मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळते, आणि मला स्पष्ट कळतं की तेव्हा चाळणी वापरायला हवी होती का, याचा ती नव्यानं विचार करते आहे.