मान वर कर

ती घटना आठवायला मला ठाण्याची डायरी उघडावी लागत नाही. डायरीत ती खोटी लिहिलेली आहे, आणि ते अक्षर माझं आहे.

साठ सालच्या आसपास मी मावळातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. लोणावळ्यातल्या एका बंद बंगल्यातून भिंतीवरचं घड्याळ आणि ग्रामोफोन चोरीला गेला. मालक मुंबईचे, ओळखीपाळखीचे. वरून रोज विचारणा व्हायची. चौथ्या दिवशी बंगल्याचा माळी खबर घेऊन आला.

"लोहगडाखालच्या वाडीतला एक गडी हितं गवताचे भारे टाकतो. दोन दिस झालं, त्याची मान खालीच. कुणाच्या डोळ्याला डोळा देत न्हाई, साहेब."

मला ते लगेच पटलं. संशयिताचं तोंड सोडा, मान बघा, असं मला वरिष्ठांनी शिकवलं होतं आणि मीही शिपायांना तेच शिकवत होतो.

दुपारी त्याला आणलं. तिशीतला, काटक माणूस. भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ अजून हातातच होती.

"मान वर कर."

"व्हत न्हाई, साहेब."

"शरम वाटते?"

"तसं न्हाई. परवा..."

"नवरीगत लाजतंय बघा," हवालदार म्हणाला. मी हसलो. उठलो, त्याचे केस धरले आणि मान मागे झटकली.

बोट मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. तो ओरडला नाही. खाली कोसळला आणि एवढंच म्हणाला, "माझं हात कुटं गेलं?"

'संशयित पाणी पिण्यास जात असता पायरीवरून घसरून पडला,' अशी नोंद मी केली. त्याचा जबाबही तसाच लिहिला. अंगठ्याला शाई मी लावली आणि कागदावरही मीच टेकवला; त्याला तो उचलता येत नव्हता.

दोनच दिवसांत चोरी उघडकीला आली. माळ्याच्या मेहुण्याकडे सहज चौकशीला गेलेला शिपाई परत फिरला, तेवढ्यात आतल्या खोलीत बाराचे टोले पडले. पठ्ठ्याने घड्याळ टांगून किल्लीसुद्धा दिली होती. वरून मला शाबासकी आली.

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, की मानेचा मणका आधीच दुखावलेला होता, म्हणून मान वर होत नव्हती. पायरीवरून पडल्यामुळे तो सरकला ना, असं त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. त्यांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेचे मणके एकमेकांना सांधले. कित्येक महिने प्लास्टर होतं. हातांत हळूहळू जीव आला.

"हाड जुळेल," डॉक्टर म्हणाले, "पण तेवढ्या भागात मान वळणार नाही. तिचं काम वरखालच्या मणक्यांवर पडेल आणि ते लवकर झिजतील. दहा-पंधरा वर्षांनी काय होईल, आज सांगता येत नाही. डोक्यावर ओझं मात्र कधीच नाही."

मग माझी बदली झाली. मी त्या वाडीला गेलो नाही. निवृत्त झाल्यावर गेलो, चौदा वर्षांनी.

तो अंगणात बसला होता. मी बाजूने हाक मारली, तर मान न वळवता सगळं अंगच फिरवून त्याने बघितलं.

"या साहेब. आता मी बी तुमच्यावानी ताठ झालोय."

पहिली दहा-बारा वर्षं बरी गेली होती. तो गुरं राखायचा. भारे बायको वाहायची. गेल्या दोन वर्षांत बोटं पुन्हा बधिर झाली होती. वाटेवर पाय कुठे पडतो ते कळत नव्हतं. बायको त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

"पायरी बघून चाललं असतं तर ही पाळी आली नसती," ती त्याला म्हणाली. "ठाण्यात जाऊनच पडायचं व्हतं व्हय?"

त्याला मान खालीही घालता येत नव्हती. तो समोर, माझ्याकडेच बघत राहिला. तेव्हा कळलं, की याने घरातही तोंड उघडलेलं नाही.

"ते पडले नाहीत, बाई," मी म्हणालो. "मी केस धरून मान झटकली."

शेवटच्या बटणावर तिचा हात थांबला. मला शिव्या देईल असं वाटलं. ती नवऱ्याकडे वळली.

"आन् मी तुमाला चौदा वर्सं बोलतीया. सांगितलं का न्हाई?"

"कागदावर अंगठा दिलता. खोटा पडलो असतो, तर परत नेलं असतं."

तिने ते बटण लावलं आणि आत गेली. मला पाणी कुणी दिलं नाही. मी मागितलंही नाही.

ही केस मला काय शिकवून गेली ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्या दुपारी त्याचं वाक्य मी मधेच तोडलं होतं. निघताना मी त्याला तेच विचारलं आणि आता इथे पुरं लिहून ठेवतो: "परवा भारा मानेवर पडला, साहेब."