प्रमिलाताईंची उलटतपासणी

प्रमिलाताई खुर्चीत बसण्याआधी खुर्चीशी बोलायच्या. "बाई, धर मले. पडली मी, त दोघीबी मोडू." अमरावतीच्या कोर्टात मी त्यांच्या हाताखाली नवी वकील म्हणून गेले, तेव्हा हे ऐकून मला हसू आवरेना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हास. मीच पयले हासून घेतो, मंग दुसऱ्याले काई उरत नाई."

धारणीकडच्या बायका पोटगीसाठी त्यांनाच शोधत यायच्या. ताई साक्षीदाराला एक साधा प्रश्न विचारत आणि गप्प बसत. त्या शांततेत समोरचा आपोआप घसरायचा. मला म्हणायच्या, "मानूस काय बोलते ते सोड. कुठं अडकते ते पाह्य."

वजन दीडशे किलोच्या आसपास. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायची, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. बहीण अकोल्यात, म्हणून दवाखानाही तिथलाच. डॉक्टरांनी सगळे धोके समजावून सांगितले. मी घाबरले, तर म्हणाल्या, "मराले नाई चालली मी. जगाले चालली."

जुन्या ऑपरेशनमुळे पोटात आतडी चिकटलेली निघाली आणि शस्त्रक्रिया फार लांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याला पोचले. शस्त्रक्रिया पार पडली म्हणून बहीण, जावई सगळे खुशीत होते; ताईंचा चेहरा मात्र पांढराफटक.

"पोट जास्त दुखतंय का?" नर्सने विचारलं.

"पोटाचं कोन बोलून राहिलं? कुल्ले दुखून राहिले माये! दगडावानी झाले."

ताईंचे जावई लाजून खिडकीबाहेर पाहू लागले. झोपून अवघडलं असेल, असं नर्स म्हणाली. ताईंनी डॉक्टरांना बोलावून घ्यायला लावलं.

"डॉक्टरसाहेब, कापलं कुठं तुमी?"

"पोटात, ताई."

"मंग मांगं काहून दुखून राहिलं?"

आणि त्या गप्प बसल्या. कोर्टात बसत तशाच.

डॉक्टर अडकले. नर्सच्या आणि माझ्या मदतीने त्यांनी ताईंना कुशीवर वळवलं, नुसतं बोट टेकवलं, तर ताई किंचाळल्या. मग त्यांनी पलंगाला लटकलेली लघवीची पिशवी पाहिली. आत कोऱ्या चहासारखं गडद पाणी होतं. त्यांनी तिथूनच रक्ततपासणी सांगितली.

नंतर त्यांनी आम्हाला समजावलं. टेबलावर तासन्‌तास उताणं पडल्याने सगळा भार मागच्या स्नायूंवर आला. रक्त पोचेना, स्नायू आतल्या आत फुटू लागले, आणि त्यांतलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडत होतं. ताईंनी ते डोळे मिटून ऐकलं. "म्हंजे माह्यावर मीच बसली म्हना."

सलाईनच्या बाटल्या चढल्या, मग डायलिसिस सुरू झालं. पायांतलं बळ गेलं. चमचा उचलतानाही हात कापे. जावई तावातावाने म्हणाले, डॉक्टरवर केस टाकू. ताईंचा आवाज पार खोल गेला होता, पण शब्द नेमके आले. "कशाची? धोका हाय म्हून त्यानं आंदीच सांगतलं. अन् मी बोलली, त त्यानं ऐकलं. इतक्या वर्साच्या वकिलीत ऐकनारे मले किती भेटले?"

काही आठवड्यांनी मूत्रपिंडं परत चालू लागली. डायलिसिस सुटलं, त्या दिवशी ताई आनंदाने रडल्या. दुसऱ्याच सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आणि मी त्यांना दोन्हीकडून धरून उभं केलं. त्यांचं अख्खं अंग थरथरत होतं, घाम हनुवटीवरून टपकत होता. ती थरथर माझ्या खांद्यात उतरली.

"बसा आता," बाई म्हणाल्या.

"थांब न माय. लय सोसलं यायनं."

एका हाताने पलंगाचा कठडा धरून ताई किंचित वाकल्या आणि त्यांनी दुसरा हात आपल्या मांड्यांवरून सावकाश फिरवला, शेतातून दमून आलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. आम्ही दोघींनी पकड सोडली.

"चला रे," त्या आपल्या पायांना म्हणाल्या, आणि उजवा पाय पुढे पडला. सावरायला म्हणून पुढे केलेला माझा हात तसाच हवेत राहिला.