बैल जुंपलेली मोटार

ती घटना आठवली की आजही मला आधी बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येतात आणि मग मोटारीचा भोंगा. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. ही चोरी मात्र एका साध्या डायनामोची होती, आणि ती काही केल्या विसरता येत नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी खालापूर ठाण्यात फौजदार होतो. मुंबई-पुणे रस्ता आमच्या हद्दीतून जायचा, त्यामुळे ठाण्याचं निम्मं काम ट्रकच्या अपघातांचं आणि उरलेलं निम्मं ट्रकमधून ‘आपोआप पडलेल्या’ मालाचं. चौकच्या नाक्यावर माझा एक खबऱ्या होता, चहावाला. हा गृहस्थ काही पदरात पडल्याशिवाय तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र तो स्वतःहून ठाण्यात आला, काही मागितलं नाही आणि खबर देऊन गेला. कर्जतजवळच्या एका भातगिरणीतून दिवाळीच्या सुमारास चोरीला गेलेला डायनामो आमच्याच हद्दीतल्या एका शेतकऱ्याच्या अंगणात, जुन्या विलायती मोटारीला बसवलेला आहे. मनात शंकेची पाल चुकचुकली. पण कर्जत ठाण्याचा चोरीचा निरोप आमच्याकडे आलेला होता, तेव्हा जाणं भागच होतं.

हवालदार आणि दोन पंच घेऊन त्या गावात गेलो. एका कौलारू घराच्या अंगणात, पेंढ्याच्या उडवीशेजारी ती मोटार उभी होती. मी जागीच थांबलो. लढाईच्या आधीची गाडी, एखाद्या लग्नाच्या मांडवाएवढी ऐसपैस. भाताच्या ताटाएवढे दिवे, लांबलचक नाक. पण जवळ गेल्यावर कळलं की तिचं सगळं उसनं आहे. एक दिवा ट्रकचा, दुसरा कुठल्या तरी बसचा. आसनं सुताराने केलेली, सागाच्या फळ्यांची. दारांना घराच्या कड्या. इंजिन होतं, गिअरबॉक्सचा पत्ता नव्हता. अर्धी राहिलेली, अर्धी जमवलेली गाडी होती ती, तरी तिच्यासमोर टोपी सारखी करावीशी वाटली.

मालक तिशीतला, भातशेती करून रसायनीच्या कारखान्यात पाळीला जाणारा. पावसाळ्यात त्याने ही गाडी चौकच्या एका गॅरेजवाल्याकडून विकत घेतली होती. कशासाठी, असं विचारल्यावर त्याने ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. त्याचे वडील तरुणपणी खंडाळ्याला बंगला असलेल्या एका शेठजींचे ड्रायव्हर होते. घाटातून शेठजींची गाडी त्यांनीच वर्षानुवर्षं चालवली. शेठजी गेले, गाडी विकली गेली, आणि वडील गावी येऊन नांगराला लागले. गॅरेजवाल्याने सांगितलं, हीच ती शेठजींची गाडी. मग मुलाने मागचापुढचा विचार केला नाही. म्हाताऱ्यांना आता दम लागत होता, नजर अधू झाली होती. गाडी पुरी करून एकदा तरी बाबांना चाकावर बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

डायनामोवरचा नंबर कर्जतच्या निरोपाशी तंतोतंत जुळला. पंचनामा झाला. बैल जुंपूनच गाडी ठाण्यात आणावी लागली आणि तिच्यामागून मालक. म्हातारे ओटीवरून उठून कुंपणापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले. चोरीचा माल बाळगल्याचं कलम लागलं तर मुलगा आत जाणार आणि गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात सडणार, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुद्देमालाच्या गाड्यांवर वेली चढलेल्या त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण बघत असे.

चौकशीत मुलाचं म्हणणं एकच. दिवाळीनंतर गॅरेजवाला स्वतः घरी आला, जुना डायनामो कुचकामी आहे म्हणाला आणि दुसरा फुकट बसवून गेला. गॅरेजवाल्याला बोलावलं. तो स्वच्छ कपड्यांत आला, नमस्कार करून बसला आणि शांतपणे म्हणाला की गाडी विकल्यापासून त्याने तिला हात लावलेला नाही. साक्षीदार कोणी नाही. सुनबाई तेव्हा माहेरी गेलेली, म्हाताऱ्यांना नीट दिसत नाही. प्रत्येक आरोपी असंच काहीतरी सांगतो, आणि खोटं बोलणारा माणूस बहुधा खरं बोलणाऱ्यापेक्षा सुसूत्र बोलतो. गॅरेजवाला फारच सुसूत्र बोलत होता. पण ‘फारच सुसूत्र’ हे काही कोर्टात चालणारं कलम नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा हवालदार व्हरांड्यात बंदुका साफ करत होता. खंडेनवमीला आम्ही ठाण्यातल्या हत्यारांची पूजा केली होती, आणि एका दस्त्याच्या फटीत बसलेलं कुंकू काही केल्या निघत नव्हतं. तो कुरकुरत होता, की साहेब, पूजा करणाऱ्याने सांभाळून करावी, हे वर्षभर निघायचं नाही. मी हसलो आणि चहाचा पेला हातात तसाच ठेवून उठलो. आवारातल्या गाडीच्या इंजिनावरचं झाकण उघडलं.

पंचनाम्याच्या वेळी ज्याला आम्ही गंज समजलो होतो ते हळदीकुंकू होतं. तेलाच्या ओशटावर पक्कं बसलेलं. इंजिनावर, पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर, नळ्यांवर, एक भाग सुटला नव्हता. आपल्याकडे लोक झाकणावर स्वस्तिक काढून झेंडूचा हार घालतात आणि मोकळे होतात. इथे कोणीतरी झाकणाखालच्या एकेका भागाला बोट लावलं होतं. फक्त डायनामोवर हळद नव्हती, कुंकू नव्हतं. त्याच्या खाचेत वाळलेला शेंदूर होता.

सुनबाईंना बोलावलं. त्या पदर सावरून दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मामंजी बाजेवर बसून एकेक नाव सांगत व्हते, मी लावत गेले. एकबी ऱ्हायला नाय पायजे म्हनले. डायनामोलाबी लावलं, मला चांगलं आठवतंय.”

मग गिरणीवाल्याला बोलावलं. गाडी न दाखवता त्याला नुसतं विचारलं, की तुमच्याकडे खंडेनवमी कशी करतात. तो म्हणाला, आमच्या आईचा नेम आहे, यंत्राला तेलातला शेंदूर लावायचा, मारुतीला लावतात तसा.

डायनामो दसऱ्याला गिरणीत होता. दसऱ्याला या गाडीत दुसरा डायनामो होता. तो गेला कुठे, एवढंच शोधायचं उरलं. गॅरेजची झडती घेतली. भंगाराच्या ढिगाखाली एक जुना डायनामो सापडला आणि त्यावर हळदीकुंकवाचं बोट स्पष्ट उमटलेलं होतं. तो समोर ठेवल्यावर गॅरेजवाल्याचा सुसूत्रपणा गळाला. मुंबईचा एक शौकीन जुन्या गाडीच्या शोधात चौकला आला होता आणि चांगल्यापेक्षा चांगला भाव देत होता. शेतकरी गाडी परत द्यायला तयार नव्हता. पोलिसांचं लचांड मागे लागलं की घाबरून देईल, असा हिशेब. चोरी गॅरेजवाल्याच्याच माणसाने केली होती आणि चहावाल्याचा हात त्यानेच आधी ओला केला होता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, परत द्यायचा हुकूम दिला. दोन्ही डायनामो पुरावा म्हणून आमच्याकडे राहिले. ठरल्या दिवशी बापलेक बैलजोडी घेऊन आले. मुलगा बैलांना पाणी दाखवायला विहिरीकडे गेला आणि म्हातारे गाडीजवळ आले. मला वाटलं, जुन्या गाडीला हात लावून त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, मग दारावरून, आणि मुलगा दूर आहे ना, हे बघून हळूच म्हणाले, “साहेब, ही ती गाडी नाय.”

मी विहिरीकडे पाहिलं. मुलगा पाठमोरा होता.

“पयल्या दिवशीच कळलं. शेटची गाडी हातानं कळते. हिच्यात तिचा येक बी खिळा नाय. पर पोराला बोलू नका. त्यानं लय हौसेनं आनली हाय.”

इतकी वर्षं माणसांचे जबाब घेत होतो. माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, हे मला तोंडपाठ होतं. हा माणूस मात्र आपली नव्हे अशा गाडीचा एकेक भाग नाव घेऊन सुनेकडून पुजून घेत होता, आणि सगळं घर त्यावर विश्वास ठेवून आनंदात होतं. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. गॅरेजवाल्याने दुसरीच गाडी शेठजींची म्हणून विकली होती, नियमाने हा फसवणुकीचा वेगळा गुन्हा होता. मी विचारलं, तक्रार द्यायची आहे का? त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

बैल जुंपले. म्हातारे चाकावर बसले, मुलगा बैलांच्या पुढे चालू लागला. मला त्याच बाजूला पंचनाम्याला जायचं होतं, म्हणून मी सायकलवर मागून निघालो. खरं सांगायचं तर पंचनामा संध्याकाळी केला असता तरी चाललं असतं. हमरस्त्यावरचे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. म्हातारे कोणाकडेही बघत नव्हते. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बैल असूनही नजर रस्त्यावर.

गावाकडे वळणारी वाट उताराची आहे. तिथे म्हाताऱ्यांनी बैल सोडायला सांगितले. मुलगा नको म्हणत होता. त्यांनी हँडब्रेक ओढून दाखवला, पाय दाबून दाखवला, आणि मग ब्रेक सोडला. गाडी हलली. इंजिन बंद, आवाज फक्त चाकांचा. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं आणि मधून ती प्रचंड गाडी आपल्या वजनाने खाली निघाली. पहिलं वळण आलं. खंडाळ्याच्या घाटात वळवतात तसं त्यांनी आधी भोंगा दिला, मग अलगद चाक फिरवलं. गाडी वळली. गावाच्या वेशीशी येऊन ती इतकी हळू थांबली की धूळसुद्धा उडाली नाही.

मुलगा धावत मागून आला. दाराला धरून, धापा टाकत त्याने विचारलं, “बाबा, हीच ना रं ती?”

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाले, “हीच रं. दुसरी कंची असंल?”

पोलिसाचं काम खरं काय ते शोधून काढणं, असं मला शिकवलं होतं, आणि ते मी जन्मभर केलं. खरं सापडल्यावर ते कोणाला सांगायचं नाही, हे मला त्या उतारावर कळलं. आज तो म्हातारा नाही, मुलगाही नाही. गाडी अजून त्या अंगणात आहे, नातवाने तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलंय. खंडेनवमीला तिच्या एकेका भागाला हळदीकुंकू लागतं. गेल्या वर्षी मी गेलो होतो. नातवाने अभिमानाने सांगितलं, ही आमच्या आज्याची खंडाळ्याची गाडी. मी म्हणालो, हो, मला माहीत आहे.