नाव न घेण्याची भूमिका

गुरुवार, १६ जानेवारी २०२५. पहाटे थंडी. दूध सव्वासातला आले. संगीत नाटकाची जाहिरात बसस्टँडवर लागली आहे. निवड रविवारी दहा वाजता वाचनालयात. भामाबाईला काम हवे आहे. दुपारी तुरीच्या शेंगा उकडल्या.

राजनंदिनीबाईंनी वहीत एवढंच लिहिलं. जे घडलं ते लिहावं, जे वाटलं ते लिहू नये, असं जालन्याच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी त्यांना दहाव्या वर्षी शिकवलं होतं आणि एकाहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी ते पाळलं होतं. म्हणून भामाबाई दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवून अर्धा तास हलली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, हे वहीत आलं नाही.

भामाबाई गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे शेळीचं दूध घालत होती. माहेर चकलांब्याचं, सासर वडवणीच्या माळाकडेचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण वडवणीत कुणाच्याही घरची हळद तिच्या गाण्यावाचून लागत नसे. माळावर शेळ्यांना हाका मारून आवाज असा तयार झालेला, की मांडवात ती गायला लागली की लाउडस्पीकरवाला आपणहून बटण पिळून आवाज कमी करायचा. लग्नं तिनं शेकड्यानं गाऊन काढली, पण स्टेजवर कधी पाय ठेवला नव्हता. आता हायस्कूलचे हरिओम सर वाचनालयासाठी नाटक बसवत होते, गावातलीच माणसं घेऊन, आणि त्यात बावीस गाणी होती. असा योग परत येणार नव्हता.

अडचण नाटकाच्या नावातच होती. नाटकाचं नाव होतं ‘रामेश्वरची वरात’. आणि भामाबाईच्या नवऱ्याचं नाव रामेश्वर.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे नाव साध्या बोलण्यात एकदाही उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती शेजारणीकडे बघायची. आधार कार्ड आल्यापासून कार्डच पुढे करायची. दक्षिणेच्या यात्रेहून कुणी आलं, तर ‘त्या समुद्रकाठच्या महादेवाला जाऊन आलात का’ असं विचारायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे तिला आईनं सांगितलं होतं, आणि नवऱ्याचं आयुष्य ही काही करून बघायची गोष्ट नव्हती.

नाटकातल्या नवरदेवाचं नाव बदलता येईल का, असं राजनंदिनीबाईंनी सरांना फोन करून विचारलं. सरांनी नम्रपणे सांगितलं की फलक छापून झालेत, आणि गाण्यांची यमकं त्या नावावरच बांधलीत. भामाआजींना वरातीच्या गर्दीत उभं करता येईल. हा निरोप ऐकून भामाबाई म्हणाली, “नुसतं उभं ऱ्हायला मी काय खांब हाय का?”

तेव्हा बाईंनी वाचनालयातून नाटकाची प्रत आणली, चष्मा पुसला, पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. एका रकान्यात पात्र, दुसऱ्यात गाणी, तिसऱ्यात ‘ते नाव’ बोलण्यात किती वेळा येतं. शुक्रवारी आणि शनिवारी दूध मोजून झालं की त्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत आणि भामाबाई पायरीवर बसून ऐके. नवरदेवाची आई चौदा वेळा. आत्या सहा वेळा. करवली, बोलघेवडी, अकरा वेळा. शेजारीण एकदाच, पण तिला गाणं नाही. घोडेवाल्याच्या तोंडी एकदाही नाही. मात्र त्याला मिशा होत्या.

“मिशा लावीन की,” भामाबाई म्हणाली. पण घोडेवाल्यालाही गाणं नव्हतं, म्हणून मिशा राहिल्या.

“आन् तुमी, बाई?” तिनं मध्येच विचारलं. “तुमी तर विंग्रजी शिकलेल्या. तुमी घेत व्हता का मालकांचं नाव?”

बाईंनी पान उलटलं. कपाटात बावन्न वह्या होत्या, त्यातल्या छत्तीस यजमान हयात असतानाच्या, आणि त्या सगळ्यांत ‘ह्यांना ताप’, ‘हे बीडला गेले’, ‘ह्यांच्यासाठी स्वेटर’ असंच होतं. मनाई कुणीच केली नव्हती. “पुढचं ऐक,” त्या म्हणाल्या.

पुढे नवरीच्या आईचा प्रवेश होता. दोन गाणी, त्यातलं एक पाठवणीचं, नाटकातलं सगळ्यात मोठं. बाई वाचायला लागल्या. सासूबाई दारात उभी राहून म्हणते, ‘ये रामेश्वर, बस.’ त्यांनी तक्त्यात रेघ ओढली. थोड्या वेळानं दुसरी. पाच रेघा झाल्या तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकून पेन्सिल खाली ठेवली.

“थांबा,” भामाबाई म्हणाली. “ही सासूच हाय ना? मंग जावायाला नावानं कावून हाक मारती?”

बाईंनी तो प्रवेश पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी भामाबाई एकेका वाक्याला मान हलवत होती, शेळी विकत घेताना दात बघावेत तशी.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं जमली. नवरदेवाच्या आईसाठी सात जणी होत्या, कारण फलकावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. नवरीच्या आईसाठी कुणीच नव्हतं. भामाबाई धुवट हिरवं लुगडं नेसून आली होती. तिला सोडायला आलेला नवरा आत यायला लाजला आणि दोन करडांना घेऊन खिडकीबाहेर लिंबाच्या सावलीत टेकला.

हरिओम सरांनी तिला आठवण करून दिली की या भूमिकेतही नाव पाच वेळा येतं.

“सर, तुमचं लगीन झालंय न्हवं?” भामाबाईनं विचारलं. “तुमच्या सासूबाई तुमाला काय म्हनत्यात?”

“जावईबापू,” सर म्हणाले.

“कधी हरिओम म्हनल्या?”

हॉलमधल्या बायका हसल्या. नवरीच्या भूमिकेसाठी आलेली योगिता सगळ्यात जोरात हसली. सरही हसले आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या पाचही ठिकाणी ‘जावईबापू’ लिहिलं. वाक्यं उलट जास्तच खरी वाटायला लागली. मग मात्र त्यांची पेन्सिल थांबली. पाठवणीच्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते नाव होतं. तिथं ते हलवता येत नव्हतं, यमक मोडत होतं.

राजनंदिनीबाईंनी तक्ता उघडला. तक्त्यात त्यांनी फक्त बोलणं मोजलं होतं, गाणी मोजलीच नव्हती. चूक त्यांची होती. त्या उठून काही बोलणार, तोवर भामाबाईच म्हणाली, “गान्यात व्हय? गान्यात चालतंय. नाव गान्यातच घ्यायचं आसतंय. उखान्यात घेतोच की आमी.” आणि पदर सावरून पुढे म्हणाली, “फक्त पयल्यांदा कुनीतरी ‘नाव घे’ म्हनाय पायजे. आपल्या मनानं कसं घ्यावं?”

सरांना हा नियम ठाऊक नव्हता. योगिताला होता. नुकतीच संक्रांत झाली होती, घरोघरच्या हळदीकुंकवात नावं घेऊन झाली होती. ती म्हणाली, “घ्या की आजी नाव.” मग त्या सात नवरदेवाच्या आयाही म्हणाल्या, “घ्या, घ्या.”

भामाबाईनं डोळे मिटले. माळावर लावते तसा आवाज लावला:

“शेळ्या गेल्या माळावरती, ऊन आलं डोईवर,
भाकर बांधून वाट बघते, कुठं ऱ्हायले रामेश्वर?”

खिडकीबाहेरून आवाज आला, “हितंच हाय की.”

करडू खाली ठेवून रामेश्वर उठून उभा राहिला होता. लग्नापासून बायकोनं त्याला नावानं हाक म्हणून मारलीच नव्हती. ती आज अशी कानावर आल्यावर माणूस ओ देऊन गेला. हॉल इतका हसला, की वाचनालयाच्या शिपायानं दारातून डोकावून पाहिलं. रामेश्वरनं आधी सगळ्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. “काय पायजे?” त्यानं विचारलं.

“काय न्हाई,” भामाबाई लालबुंद होऊन म्हणाली. “बसा खाली. आजून गायाचं हाय मला.”

तिनं पाठवणीचं गाणं पहिल्या कडव्यापासून शेवटापर्यंत गायलं. बाई कडवी वाचून देत होत्या, ती मागून उचलत होती. सात वेळा नाव आलं. रामेश्वर बाहेर जिवंत होता, करडाच्या तोंडातून आपला रुमाल सोडवत होता.

सरांनी यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं. तालीम रोज सकाळी साडेसातला.

संध्याकाळी राजनंदिनीबाईंनी वही उघडली. रविवार, १९ जानेवारी. भामाबाईची निवड झाली, नवरीची आई. तक्त्यात गाणी मोजायची राहिली होती. पुढे आणखी दोन ओळी लिहून त्यांनी वही मिटली: तालमीमुळे उद्यापासून दूध साडेसहाला येणार. पातेले आजच घासून ठेवले.