बाईंची गोधडी, वहिनीची दुरुस्ती

वहिनीनं घरातला हॉल खाल्ला, असं माझा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही. पूर्वी तिथे सोफा होता, टीव्ही होता, खिडकीशी दादाची खुर्ची होती. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बारा फूट लांबीची लोखंडी चौकट आहे. तिच्यावर कापड गुंडाळायचे आडवे रूळ आणि पुढेमागे सरकणारं, लांब मानेचं शिलाई मशीन. मशीनला सायकलसारखी दोन हँडलं. ती धरून वहिनी उभी राहते आणि कापडावर टाक्यांच्या वेली, लाटा, शिंपले काढत जाते. सोफा वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत आला, टीव्ही स्वयंपाकघरात गेला आणि दादा कुठे बसतो हे त्याचं त्यालाच ठाऊक. एकदा दादाच्या जुन्या साहेबांनी आत येताना चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. वहिनीनं आधी कापडाला काही झालं का ते पाहिलं, मग साहेबांकडे.

गोधड्या करणारे पुष्कळ असतात, पूर्ण करणारे थोडे. रंगीत तुकडे जोडून वरचा पदर करायला सगळ्यांना मजा येते. पण त्याखाली कापसाचा थर, त्याखाली अस्तर, असे तिन्ही पदर सुरकुती न पडता एकत्र शिवायचे म्हटलं की घरच्या मशीनखाली पलंगाएवढं कापड जात नाही आणि उत्साहही संपलेला असतो. मग लोक पिशव्या घेऊन वहिनीचा जिना चढतात. ती आधी पडद्यांच्या कारखान्यात होती. तो बंद पडल्यावर तिनं हे मशीन जुनं विकत घेतलं आणि घरीच काम सुरू केलं. दारावर तिनं कागद चिकटवला आहे: कापड इस्त्री करून आणा, टाचण्या काढून आणा, अस्तर चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवा. आजवर एकाही माणसानं हे तिन्ही केलेलं मी पाहिलेलं नाही.

मी तिची नणंद. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दुपारी खाली येते, सुटे दोरे कापते आणि टॉर्च घेऊन चौकटीखाली शिरते. वरून टाका कितीही सुबक दिसला तरी खालचा दोरा सैल पडला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून ते खालून बघावंच लागतं. या वयात नणंदेला जमिनीवर रांगायला लावणारी भावजय अख्ख्या जगात ही एकटीच असेल. मी कुरकुरले की म्हणते, "वन्सं, जरा डावीकडे." आमच्या घरात वन्सं कोणी कोणाला म्हणत नाही. ती मला चिडवायला म्हणते.

वहिनीला एक खोड आहे. दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि केली हे सांगायची तिला लाज वाटते. उसवलेली शिवण ती आतून घालते. कड लांब होऊन झालर पडली असेल तर वाफेची इस्त्री फिरवून जिरवते. गिऱ्हाईक गोधडी उलगडून म्हणतं, "अगं बाई, माझं काम इतकं छान झालं होतं?" वहिनी म्हणते, "तर काय." मी तिला शंभरदा सांगितलं, अगं, चूक दाखव, नाहीतर ही माणसं जन्मभर वाकडंच शिवतील. तिचं उत्तर ठरलेलं. "हौसेनं केलंय त्यांनी. मी कशाला त्यांचं तोंड पाडू?" ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक पाहिले होते, पण ही चांगलं काम करून लपवत होती. 

तिच्या गिऱ्हाइकांत एकीलाच दुरुस्ती लागत नसे, त्या आमच्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण गावात अर्ध्या लोकांना अजून त्यांची भीती वाटते. मलाही वाटते. सातवीत त्यांनी मला पूर्ण तासभर फळ्यापाशी उभी केली होती, आणि ते गणित मला आजही येत नाही. बाई एकट्या राहत, लेक दुसऱ्या शहरात. वर्षाला एक गोधडी करत. चार तुकड्यांचे कोपरे जिथे मिळत तिथे टाचणीचं टोक ठेवलं तर चारही तुकड्यांना लागेल, इतकं चोख काम. वहिनी त्यांच्या गोधडीचा पदर चौकटीवर चढवायच्या आधी हात धुऊन यायची.

मग एका वर्षी दोन कोपरे सुतभर हलले. वहिनी म्हणाली, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिनं कोपरे उसवून जुळवले. पुढच्या वर्षी दोन शिवणी अर्ध्यातच सुटलेल्या आणि चार चौकोन उलटे लागलेले निघाले. वहिनीनं तेही नीट केलं. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी दोरे कापत राहिले. गोधडी न्यायला आल्या तेव्हा बाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ. मन लावलं की सगळं जमतं. तू लावत नव्हतीस." मी पंचावन्न वर्षांनी पुन्हा मान खाली घातली.

तिसऱ्या वर्षीची गोधडी लेकीसाठी होती. तो पदर उलगडून वहिनीनं त्यातली एकेक ओळ बोटानं मोजली. पट्ट्या लहानमोठ्या कापलेल्या होत्या. एक ओळ तीनदा आली होती, एक आलीच नव्हती. आम्ही दोघींनी नऊ दिवस उसवलं. वहिनीनं आपल्या पेटीतून जवळपास तसंच निळं कापड काढलं, नवे चौकोन कापले, नव्यानं जोडले. काढलेले तुकडे मी माझ्या हातांनी टाकून दिले. तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं वहिनीचं. हे मी लिहितेय कारण पुढे मी सगळा राग तिच्यावर काढला, आणि तो निम्मा माझ्यावर निघायला हवा होता.

बाईंचा पाय मुरगळला होता म्हणून ती गोधडी न्यायला लेकच आली. पन्नाशीची, प्रवासानं दमलेली. स्वयंपाकघरात आम्ही तिला चहा दिला. तिनं गोधडी मांडीवर उलगडली आणि तिचे डोळे भरून आले.

"तुम्हाला सांगते, मी किती घाबरले होते," ती म्हणाली. "आई फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारते. परवा गॅसवर भांडं ठेवून खाली निघून गेली, शेजाऱ्यांनी दार उघडलं. मी तिला घेऊन तपासणीला जाणारच होते. वेळसुद्धा घेतली होती. पण मागची गोधडी आठवली. म्हटलं, जी बाई एवढे कोपरे जुळवते तिचं डोकं कुठे बिघडलंय? उगाच तिला दवाखान्यात तपासण्यांना जुंपायचं. ती वेळ मी रद्द केली." आणि ती हसली. "आज ही बघून तर अगदी निर्धास्त झाले बघा."

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं हातातली बशी खाली ठेवली. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी थांबले. ती उठली, गोधडीची घडी घातली, पिशवीत भरली आणि म्हणाली, "सावकाश जा. जिना उंच आहे."

दार बंद झालं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "वहिनी, अगं ती बाई एक दिवस घर पेटवून घेईल! त्या पोरीनं डॉक्टर रद्द केला, तुझ्या टाक्यांवर विसंबून!" वहिनी चहाचे कप गोळा करायला लागली. "मला कळतंय," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पण बाईंना कळलं की तीन वर्षं मीच शिवतेय, तर त्यांच्याकडे राहतं काय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. लेकीनं जाताना आपला नंबर फ्रिजवर लावून ठेवला होता. वहिनी रोज त्याच्यासमोर उभी राहायची आणि भाजी काढून फ्रिज बंद करायची. तिला जेवण जाईना. दादानं विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. आता कोणी विचारेल, मग तूच का नाही केलास फोन? मी रोज ठरवायची आणि रोज म्हणायची, हिचं काम आहे, हिनंच सांगावं. उंटावरून शेळ्या हाकायला मला चांगलं येतं.

वर्षाला एकच गोधडी करणाऱ्या बाई महिनाभरातच, भर दुपारी, दुसरी घेऊन स्वतः आल्या. हातात कापडी पिशवी, साडीची घडी कडक, पायात दोन वेगळ्या चपला. "या वेळी जरा साधंच केलंय," म्हणाल्या आणि पिशवी वहिनीकडे दिली.

वहिनीनं नेहमीप्रमाणे पदर चौकटीवर पसरायला घेतला. तो पसरेना. एक कड दुसऱ्या कडेला शिवून टाकली होती, त्याचं मोठं नळकांडं झालं होतं. दुसऱ्या टोकाला बाईंच्या ब्लाऊजची एक बाही जोडलेली होती. वहिनीनं ते पटकन गुंडाळलं. "ठेवून जा, बाई. बघते मी."

"बघ," म्हणाल्या बाई, आणि दाराकडे वळल्या. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरल्याही. मी डोळे मिटून घेतले, कारण मला वाटलं झालं, ही पुन्हा पेटी उघडणार.

"बाई," वहिनीनं हाक मारली. "जरा वर या. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीशी आणून बाईंना बसवलं आणि तो पदर त्यांच्या मांडीवर उलगडला. बाईंनी चष्मा लावला. नळकांड्यात हात घातला, तो दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. बाही उलटीसुलटी करून पाहिली. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"हे मी केलं?"

"हो, बाई."

"आधीच्या गोधड्या?"

"त्यातही चुका होत्या. मी दुरुस्त करत होते. तीन वर्षं."

मला वाटलं आता त्या रडतील. त्या चिडल्या. असा आवाज मी सातवीनंतर ऐकला नव्हता. "मी चाळीस वर्षं वह्या तपासल्या. एकाही पोराचं चुकलेलं उत्तर खोडून मी बरोबर उत्तर लिहिलं नाही. लाल खूण करायचे. का? तर त्याला कळावं, कुठे चुकतंय. तू मला खूण का केली नाहीस?"

वहिनीला रडू फुटलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच असतं. पण तीन वर्षं आधी वाटलं असतं."

मग त्यांनी चष्मा काढला, साडीच्या पदराला पुसला, पुन्हा लावला. मला म्हणाल्या, "लेकीला फोन लाव. मला नंबर... तू लाव." मी फ्रिजवरचा कागद काढला आणि फोन लावला. तो बाईंच्या हातात दिला.

"ऐक," बाई लेकीला म्हणाल्या. "मध्ये बोलू नकोस. माझं डोकं बरोबर चालत नाही. तपासायला हवं. नाही, पडले नाही. मी आज माझं शिवण पाहिलं, त्यावरून कळलं." त्यांनी वहिनीकडे एकदा पाहिलं. "नाही गं, आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही. हिच्याही नाही. हिला कुठून कळणार?"

मी चाटच पडले. एवढं चिडून झाल्यावर बाई वहिनीला पाठीशी घालत होत्या. वहिनीनं नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर तिच्या हातचा मळ.

वहिनी पुढे झाली. बाईंच्या हातातून तिनं हळूच फोन घेतला. "मी बोलतेय," ती म्हणाली. "बाई माझ्यासाठी खोटं बोलतायत. मला माहीत होतं. सगळं मीच नीट करून देत होते. तुम्ही आलात त्या दिवशीही मी सांगितलं नाही. चुकलं माझं."

फोन कट झाला असं मला वाटलं. मग लेकीचा आवाज आला, इतका बारीक की मला कान जवळ न्यावा लागला.

"माझ्या पलंगावर आहे ती गोधडी... मी रोज तीच घेते. तिच्यात आईचं किती आहे?"

मला वाटलं, निदान आता तरी थोडं खोटं बोलेल. मी बोलले असते.

"डाव्या कडेच्या दोन ओळी," वहिनी म्हणाली. "आणि मधला एक निळा चौकोन. तेवढंच. बाकी माझं आहे."

फोनमधून हुंदका ऐकू आला. बाईंनी हात पुढे केला, फोन मागून घेतला.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "कधी येतेस ते सांग. आणि येताना ती गोधडी घेऊन ये, मला त्या दोन ओळी बघायच्यात."