कानांनी पाहिलेली मालिका

वरच्या मजल्यावरची ती बाई मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी मला भली समजायला नको. सगळी गल्ली तिला टाचणीबाई म्हणते, कारण तिच्या ओठांत कायम चार टाचण्या असतात आणि ती बोलते ते उरलेल्या जागेतून. नवे कपडे ती शिवत नाही. सैल करते, घट्ट करते, उंची कमी-जास्त करते, बस्स. एकोणिसाव्या वर्षी एका शिंप्याकडे काजं करायला लागली, आता बावन्नची आहे. मधल्या काळात लग्नबिग्न न करता तिने गल्लीतल्या प्रत्येकाच्या कंबरेचा इतिहास पाठ केला. माझी दोन इंच वाढली हे आमच्या ह्यांना तिच्याकडूनच कळलं असणार, असा मला दाट संशय आहे.

चार वर्षांपूर्वी तिचा टीव्ही बिघडला. तो दुरुस्त करायचं सोडून ती आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसायला लागली. मी औषधांच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला असते. हे एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळतात आणि पाचला घरी येतात. त्यामुळे साडेसातची ती मालिका चार वर्षं या दोघांनी मिळून पाहिली, आणि मी तेव्हा खोकल्याच्या बाटल्या विकत होते. वाईट काही नव्हतं. दार सताड उघडं, शेजारच्या आजींची ये-जा. तेच मला जास्त लागायचं. काही वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

पाहिली म्हणते खरी, पण टाचणीबाईने ती कधी पाहिलीच नाही. मांडीवर कुणाची तरी पँट, बोटांत ब्लेड आणि नजर शिवणीवर. उसवताना मान वर केली की कापडाला भोक पडतं, त्यामुळे चार वर्षांत तिने पडद्याकडे बघितलं नाही. मालिका तिने कानांनी पाहिली. एकदा त्या मालिकेतल्या वकिलाचा चेहरा रस्त्यावरच्या मोठ्या जाहिरातीत झळकला, तेव्हा हिने ह्यांना विचारलं होतं, हा कोण बुवा.

मालिकेत एक डॉक्टरीण, तिचा वकील नवरा आणि तिचा जुना मित्र, फोटोग्राफर. शेवटच्या भागात डॉक्टरीण बॅग उचलून दारापर्यंत जाते. खोलीत दोघेही उभे असतात. ती वळून म्हणते, ‘थांब ना जरा’, आणि मालिका संपते. कुणाला म्हणाली? गल्लीत सरळ दोन तट पडले. हे म्हणाले नवऱ्याला, तिची नजर त्याच्याकडे होती. टाचणीबाई म्हणाली मित्राला. ह्यांनी विचारलं, तुम्ही पाहिलंत कुठे? तिने विचारलं, तुम्ही ऐकलंत कुठे? शब्दाला शब्द वाढला, हे मला नंतर शेजारच्या आजींकडून कळलं. तिने अर्धी उसवलेली पँट गुंडाळली आणि वर निघून गेली. पुढचे आठ दिवस खाली फिरकली नाही.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण हे ताटात बघत बसायचे. दोन घास खाऊन उठायचे. मध्येच ‘नजर स्पष्ट होती’ असं पुटपुटायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्यावर रुसून ह्यांनी एक घाससुद्धा कमी खाल्लेला नाही.

माझ्या सुट्टीच्या दुपारी मी तो शेवटचा भाग मोबाइलवर लावला, टाचणीबाई खोटी पडावी एवढ्याच इच्छेने. नजर नवऱ्याकडेच होती. हे बरोबर होते. मग मी डोळे मिटून तोच भाग पुन्हा ऐकला, आणि हट्टाला पेटून आधीचे सात-आठ भागही तसेच ऐकले. नवऱ्याशी ती डॉक्टरीण गोड आणि सपाट बोलायची. हो, चालेल, तू म्हणशील तसं. मित्राशी बोलताना वैतागायची, त्याचं वाक्य तोडायची, हक्काने झापायची. ‘थांब ना जरा’ हे त्या वैतागातलं होतं. म्हणजे टाचणीबाईचं बरोबर होतं. ती खोटी पडली नाही याचा राग यायच्या आधीच मला कळलं, तो गोड, सपाट आवाज माझ्या ओळखीचा होता. मी तो रोज ऐकते.

पाचला हे आले. मी चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, “अहो, तो शेवटचा भाग पाहिला मी. मला वाटतं, ती मित्रालाच म्हणाली.”

ज्या गोष्टीपायी माणूस आठ दिवस धड जेवला नव्हता, तीच गोष्ट मी काढली होती. मी वाट बघत राहिले. त्यांनी मला तोडावं, तुला काय कळतंय म्हणावं, कप आपटावा.

“असेल,” हे म्हणाले. “तू म्हणतेस तर असेल.”

मी आणखी डिवचलं, म्हणजे तुमचंच चुकलं म्हणायचं. तेही त्यांनी कबूल केलं, आणि कप विसळून जागेवर ठेवला.

मग मीच त्यांना वर पाठवलं. म्हटलं, टाचणीबाईंना सांगून या, मी त्यांच्या बाजूची आहे. त्यांचं भांडण मिटावं अशी माझी काही इच्छा नव्हती. मला ऐकायचं होतं. हे चपला न घालताच जिना चढले. मी बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले. वरचं दार उघडलं, टाचणीबाई काहीतरी बोलली, आणि लगेच माझ्या नवऱ्याचा आवाज चढला.

“बायकोचं सोडा हो, ती काहीही म्हणेल. तुम्ही चूक म्हणजे चूकच. बसा इथे, पुन्हा सांगतो.”

एकोणीस वर्षांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला, तोही छतातून.