चांदभाईंची कमान

भूतबाधा वगैरे मी मानत न्हाई. गावात कुणी असलं सांगू लागलं की उठून जायचो. आता घरापासून लांब, सुरतेला पोराकडं राहतो. शाळा उर्दू चौथीपर्यंतच, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधीची गोष्ट. मी हसनाबादचा, जालन्यात जिनिंगला कामाला. मुतखड्याचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर चांदभाई पिंजारी, त्यांचंही तेच. "पोट्या, तुझ्या लग्नाची गादी मीच पिंजणार. बायको तेवढी तू बघ!" म्हणायचे, अन् खाटेच्या लोखंडावर बोटांनी कापूस पिंजायच्या कमानीची चाल वाजवायचे. जखम भरली अन् मंग त्यांना ताप येऊ लागला. कापसाच्या हंगामात जालन्यात ताप म्हणजे हिवतापच. कोयनेल देत राह्यले... चांदभाई गेले.

मंग मलाही ताप. मलाही कोयनेल. अन् दुपारी वॉर्ड निजला की कमान वाजायची... टंव्... टंव्... चाल तीच.

मामा मला गावी न्यायला आले, त्यांना म्हणालो, "मामा, त्या पिंजाऱ्याला हाकला ना."

"कुठला पिंजारी? बरळू नको. गाडी जुंपलीय, घरी चल."

निघताना डॉक्टरसाहेब आले. मी हात जोडले, "साहेब, तेवढं पिंजणं बंद करा."

"कुठून येतंय?"

माझा हात आपोआप छातीवर गेला. त्यांनी हसत नळी लावली... अन् हसू गेलं. "ऑपरेशनआधी हा आवाज नव्हता. मामा, बैल सोडा." लघवीतले जंतू रक्तातून काळजाच्या पडद्याला लागले होते. क्वचितच होतं म्हणे. मंग हळूच म्हणाले, "चांदभाईंचंही हेच असणार. त्यांची छाती आम्ही पुन्हा ऐकलीच न्हाई."

नवीनच निघालेलं पेनिसिलिन औरंगाबादहून आणवलं. सुयांनी अंगाची चाळणी झाली, पण वाचलो. त्या देवमाणसाला रोज हात जोडतो. डॉक्टरसाहेबांना नळीतून तो आवाज पुढंही यायचा. मला मात्र पहिल्या सुईपासून कमान ऐकू आली न्हाई.

बरा झाल्यावर चांदभाईंच्या घरी गेलो, त्यांच्या घरवालीला, चाचींना, सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरची कमान दाखवली. तिला ताँत — वाजणारी दोरी — नव्हतीच.

"मिट्टी दिली त्या दिवशीच मी उतरवली, आमच्यात तसंच करतात. तरी रोज दुपारी वाजायची, बेटा. वाटलं, मीच पागल झाले."

"अन् आता?"

"तुला सुया लागल्या म्हणतोस ना... तवापासून बंद."

याचा अर्थ मला आजवर लागला न्हाई. दुपारी घर शांत झालं की अजून हात छातीवर जातो. लग्नात गादी दुसऱ्या कुणाकडून पिंजून घ्यायला मन झालं न्हाई. आजही घोंगडीवरच झोपतो.